चार महिन्यांचे काम नऊ महिन्यांवर का गेले?

प्रश्न : आमची पाच जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. एका पतसंस्थेच्या कामाला चार महिने लागतील असे आम्ही कळवले होते. प्रत्यक्षात नऊ लागले. शेवटी तीन माणसे वाढवूनही वेग आला नाही. अंदाज धरताना केलेली कामांची यादी सोबत पाठवत आहे. आमचे कोठे चुकले?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या यादीत सभासद नोंदणी, ठेवी, कर्जे, पिग्मी आणि अहवाल अशा पाचच नोंदी आहेत. जुन्या प्रणालीतील खाती नव्या प्रणालीत आणणे, चाचणी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि लेखापरीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या यांचा तीत उल्लेखच नाही. माझ्या मते चूक येथेच झाली, कारण जे काम कागदावर येत नाही, त्याला आपण नकळत शून्य दिवस देतो.

पुढच्या वेळी प्रत्येक काम चार-पाच दिवसांच्या तुकड्यांपर्यंत फोडावे, आणि ज्याचे तुकडे पाडता येत नाहीत, ते अजून समजलेले नाही असे मानावे. अशा अनिश्चित कामासाठी तीन आकडे लिहावेत. अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी 1958 मध्ये आखलेल्या, कामाच्या कालावधीचा अंदाज बांधण्याच्या पर्ट पद्धतीत अनुकूल आकडा, सर्वाधिक संभाव्य आकड्याची चौपट आणि प्रतिकूल आकडा यांच्या बेरजेला सहाने भागतात. समजा, जुनी खाती आणायला सारे सुरळीत झाल्यास 6, बहुधा 10 आणि एकाच सभासदाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले निघाल्यास 38 दिवस लागतील; तर 6, 40 आणि 38 मिळून 84, म्हणजे अंदाज 14 दिवसांचा येतो. आपण यासाठी बहुधा दहाच दिवस धरले असते.

संगणकतज्ज्ञ बॅरी बोएम यांनी 1981 मध्ये दाखवले होते की, गरजा पुरत्या ठरण्याआधीच्या अंदाजाच्या तुलनेत प्रत्यक्ष काम त्याच्या पाव हिश्शापासून चौपटीपर्यंत कोठेही जाऊ शकते. म्हणूनच पहिल्या बैठकीत एकच आकडा सांगू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. ग्राहक घाई करत असला, तरी ‘चार ते नऊ महिने’ असे सांगणे अधिक प्रामाणिक आहे. सॉफ्टवेअरला लागणाऱ्या श्रमांचा अंदाज काढणारे बोएम यांचे कोकोमो सूत्र मात्र आपल्याला सुरुवातीला फारसे उपयोगी पडणार नाही, कारण त्यासाठी कोडच्या ओळींची संख्या आधीच माहीत असावी लागते. त्यापेक्षा आपल्याच मागील कामांत एका पडद्याला (स्क्रीनला), एका अहवालाला प्रत्यक्ष किती दिवस लागले याची वही ठेवावी. तीन-चार प्रकल्पांनंतर आपल्या कंपनीसाठी तिच्याइतका भरवशाचा आधार दुसरा नसेल.

माणसे वाढवण्याबाबत संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवले आहे की, रखडलेल्या प्रकल्पात माणसे वाढवल्यास तो आणखी रखडतो. माणसे वाढली की एकमेकांशी बोलून मेळ घालण्याचे कामही वाढते : पाच जणांत दोघादोघांच्या 10 जोड्या होतात, तर आठ जणांत 28. शिवाय नव्या तिघांना पतसंस्थेचे व्याजाचे नियम समजावून देण्यात आपल्या जुन्या, जाणत्या माणसांचेच दिवस गेले असणार.

पुढच्या करारात पहिले तीन आठवडे केवळ अभ्यासासाठी, वेगळे शुल्क ठरवून मागून घ्यावेत. त्या काळात जुन्या खात्यांपैकी शंभर खाती प्रत्यक्ष नव्या प्रणालीत आणून पाहावीत, आणि मगच मुदत लिहून द्यावी.