हमीपत्रातली वाळवी आणि वाशातली वाळवी

प्रश्न : गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमचे आजोबांच्या वेळचे कौलारू घर आहे. गेल्या वर्षी नोव्हेंबरात एका कीडनियंत्रण कंपनीने ३२ हजार रुपये घेऊन वाळवीचा उपचार केला आणि ५ वर्षांची हमी लिहून दिली. पैसे दुबईतल्या भावाने भरले, पावतीही त्याच्या नावावर आहे. यंदा पाऊस सरल्यावर माळ्याखाली पुन्हा खसखशीसारखे दाणे पडू लागले. कंपनी म्हणते, ही सुक्या लाकडातली वाळवी आहे, आमची हमी जमिनीतल्या वाळवीपुरती. नव्या उपचाराचे पैसे वेगळे. खरे तर उपचाराआधी मी याच दाण्यांचे फोटो त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवले होते. तक्रार करता येईल का?

उत्तर : ताई, येईल. आणि तुमची तक्रार उभी राहणार आहे ती त्या फोटोंवर, म्हणून आधी तो फोन जपा. संदेश पुसू नका, फोन बदलू नका.

वाळवी कुठली, यावरच हे प्रकरण ठरेल, म्हणून ते आधी समजून घ्या. जमिनीतल्या वाळवीला ओल लागते. आपल्याकडे सातेरी देवी म्हणून जिची पूजा होते ती रोयण, म्हणजे वारूळ, मातीत राहणाऱ्या वाळवीचीच, आणि घरात ही वाळवी भिंतीवरून मातीच्या नळ्या करत चढते. सुक्या लाकडातल्या वाळवीचा मातीशी संबंध नाही. तिचे अख्खे कुटुंब एखाद्या वाशात किंवा दाराच्या चौकटीत राहते. नळ्या दिसत नाहीत. दिसते ते लाकडाला पडलेले बारीक भोक आणि त्याखाली कोरड्या दाण्यांची रास. ही तिची विष्ठा. दाणा मिलिमीटरभराचा, दोन्ही टोके गोलसर, आणि भिंगातून पाहिलात तर सहा पैलू मोजता येतात. मैद्यासारखे पीठ पडत असेल तर तो भुंगा, वाळवी नव्हे.

कंपनीने तुमच्याकडे फरशी आणि भिंतीच्या सांध्यात फूटभर अंतराने भोके पाडून औषध सोडले, असे कामाच्या पावतीवर दिसते. जमिनीतल्या वाळवीवर हाच मान्य उपचार. पण ते औषध माळ्याच्या वाशात पोहोचणार कसे? म्हणजे कंपनीचे आजचे म्हणणे खरे आहे, आणि तेच तिच्या अंगाशी येते. दाण्यांचे फोटो हातात असताना वाळवी ओळखण्याचे काम तिचे होते. तुम्ही उपचार विकत घेतला तो दाणे थांबावेत म्हणून. चुकीचा उपचार करून हमीतल्या एका ओळीमागे लपणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतली त्रुटी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तक्रारीत मात्र 'हमीची अट अन्यायकारक आहे, ती रद्द करा' अशी मागणी घालू नका. अन्याय्य करार रद्द करण्याचा अधिकार राज्य ग्राहक आयोगाकडे आहे, जिल्हा आयोगाकडे नाही, आणि कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला ते काढेल. सेवेतील त्रुटी एवढेच धरा. पावती भावाच्या नावावर असली तरी अडत नाही. पैसे भरणाऱ्याच्या संमतीने ज्याने सेवा उपभोगली, तो लाभार्थीही ग्राहकच. तरी दोघांच्या नावाने अर्ज केलात तर वादच उरत नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे उत्तर गोवा जिल्हा आयोगात तक्रार करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत २ वर्षांची. ती नेमकी कधीपासून मोजायची यावर वाद होतो, म्हणून उपचाराच्या दिवसापासून धरा आणि पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या बऱ्याच आधी दाखल करा.

आता एक अडचण, जी तुम्हाला कोणी सांगितली नसेल. वाळवी मेल्यावरही जुन्या पोकळीतले दाणे वासा हलला की गळत राहतात. 'हे जुनेच दाणे' असे कंपनी म्हणू शकते. म्हणून आजची रास फोटो काढून बरणीत भरा, बरणीवर तारीख घाला, जागा स्वच्छ झाडा आणि खाली पांढरा कागद अंथरा. दर आठवड्याला तारखेसह फोटो घ्या. त्याच भोकाखाली नवी रास चढत गेली, तर आत जीव आहे हे दाखवता येते. 'तुम्ही नंतर आणलेल्या पलंगातून आली' असेही म्हणतील. या वाळवीची वसाहत फार सावकाश वाढते, वर्षभरात एवढे दाणे पडत नाहीत. शिवाय तुमचे फोटो आधीचे आहेत. त्यांच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे फोनमधल्या पुराव्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र जोडा.

मग दुसऱ्या परवानाधारक माणसाला बोलावून वाळवी कोणती आणि कोणते वासे बाधित, हे लेखी घ्या. पहिल्या कंपनीकडेही परवान्याची प्रत मागा. तो कीटकनाशक कायदा १९६८ खाली लागतो. हे सारे जोडून नोंदणीसह स्पीड पोस्टाने नोटीस द्या : १५ दिवसांत योग्य उपचार स्वखर्चाने करा, नाहीतर ३२ हजार आणि नव्या उपचाराचा खर्च द्या. पंधरवडा उलटला की निकालाची वाट पाहत थांबू नका. नुकसान वाढू न देणे हे कायद्याने तुमचेही काम आहे, आणि त्या माळ्याखाली माणसे झोपतात. पोखरलेला वासा बदला, बाकीच्यांत भोकांतून औषध भरून घ्या, बिले ठेवा. काढलेल्या वाशाचा हातभर तुकडा आयोगासाठी राखा, पण प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून अंगणातल्या शेडमध्ये. घरात ठेवलात तर वाळवी दुसरे लाकूड शोधेल.

कोणी धुरीच्या गोळ्या आणून देतो म्हणाला तर ठाम नकार द्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा वायू माणसाचा जीव घेतो, आणि कौलारू घरात तो फटींतून शेजारीही जातो. ते काम फक्त अधिकृत धुरी करणाऱ्याचे.