स्ट्रेट-लेस्ड मधला स्ट्रेट म्हणजे 'सरळ' का?

प्रश्नात विचारलंय की इंग्रजीतला स्ट्रेट-लेस्ड (strait-laced) म्हणजे काय, कुठून आला, आणि त्यातला स्ट्रेट म्हणजे सरळच ना. नाही! सरळ नाही. ह्याच एका शब्दावरून मी चारचौघांत बोलणी खाल्लीयत म्हणून लिहितोय.

अर्थ म्हणाल तर वागण्या-बोलण्यात फार कडक, सोवळा माणूस. बरेच जण 'नाकासमोर चालणारा' असं भाषांतर करतात ते ह्या सरळच्याच गैरसमजातून. नाकासमोर चालणारा कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो, स्ट्रेट-लेस्ड माणसाला मात्र दुसऱ्याचा मोकळेपणाही खपत नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी एका भाषांतराच्या एजन्सीत होतो, तिथे एका लेखात मी हा शब्द जीएच न घालता (straight नव्हे, strait) लिहिला, तर सीनियरने लाल गोल करून सगळ्यांसमोर विचारलं, साधं स्ट्रेटचं स्पेलिंग येत नाही तुला? मी म्हटलं सर हा तो स्ट्रेट नाहीच, हा जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतला स्ट्रेट, अरुंद, आवळलेला. दुसऱ्या दिवशी डिक्शनरी घेऊन गेलो, ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. 'क्लायंटला कोण समजावत बसणार' म्हणाले आणि रिव्ह्यूमध्ये माझ्या नावावर स्पेलिंगची चूक लागली ती लागलीच.

मुळात गोष्ट कपड्यांची आहे हो. लेस म्हणजे नाडी, बॉडिसच्या, म्हणजे बायकांच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या चोळीसारख्या कपड्याच्या, नाड्या करकचून आवळल्या की ते स्ट्रेट-लेस्ड. 15व्या शतकात हे कपड्याबद्दलच म्हणायचे, स्वभावाला 16व्या शतकात लागलं. हा स्ट्रेट लॅटिन स्ट्रिक्टसवरून आलाय, म्हणजे घट्ट आवळलेला, आपला रोजचा स्ट्रिक्ट त्याचाच सख्खा भाऊ, आणि लेसही लॅटिनमधल्या फासावरून आलेली. जीएचवाला स्ट्रेट स्ट्रेचच्या घरातला, ताणलेलं ते सरळ, त्याचा इथे काही संबंध नाही. हा घोळ जुनाच आहे म्हणा, 1611च्या किंग जेम्स बायबलात 'स्ट्रेट इज द गेट' म्हणजे दार अरुंद आहे असं येतं, त्यावरून आलेल्या 'स्ट्रेट अँड नॅरो'मध्ये (म्हणजे सन्मार्ग) आज सगळे बिनदिक्कत जीएच घालतात.

आता जीएचवालं स्पेलिंगही डिक्शनऱ्यांत पर्याय म्हणून देतात, तेव्हा तसं लिहिणाऱ्याला चूक म्हणू नका. पण मूळ स्पेलिंग लिहिणाऱ्याला चूक ठरवायचं हे कुठलं शहाणपण? तुम्ही बिनधास्त जीएचशिवाय लिहा, आणि कुणी लाल गोल केलाच तर तिथल्या तिथे डिक्शनरी उघडायला लावा, माझ्यासारखं दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.