तेराव्याला आडोसा नाही

प्रश्न : नेदरलँड्समधल्या झेलंडच्या बेटांवर एक दिवसाची सायकल शर्यत करणार आहे. सगळा सपाट रस्ता, तरी मित्र म्हणतात, ‘वाऱ्यात सुटशील.’ एवढ्या घोळक्यात माणूस मागे पडतो कसा? (रॉटरडॅम)

उत्तर : वारा समोरून असला की पुढच्याच्या थेट मागे आडोसा मिळतो. आडव्या वाऱ्यात तो बाजूला सरकतो. वारा उजवीकडून असेल तर तुमची जागा पुढच्याच्या मागे, किंचित डावीकडे. अशा तिरक्या ओळीला डच लोक ‘वायर’ म्हणतात, म्हणजे हातपंखा (विजेची नव्हे!). सहा मीटर रुंद रस्त्यावर हा पंखा दहा-बारा जणांत भरतो, बांधावरच्या अरुंद रस्त्यावर पाच-सहांतच. तेरावा डाव्या कडेला चिकटतो आणि त्याच्यामागे एकेरी शेपूट लागते, सगळी उघड्या वाऱ्यात. त्यातला एक जरी दमला की फट पडते, आणि मागचे सगळे त्याच्याबरोबर सुटतात.

पंख्यात पुढचा माणूस वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे इथे उजवीकडे, सरकून वेग थोडा कमी करतो आणि मागे येतो. मागे येणाऱ्यांची ही ओळ पुढे जाणाऱ्यांना आडोसा देते. नवखे चुकतात ते शेवटच्या जागी: पुढे जाणाऱ्या ओळीतला शेवटचा सायकलस्वार आपल्या बरोबरीला येण्याआधीच पॅडलवर जोर द्या. तो पुढे गेल्यावर दिलात तर उशीर झाला. आणि पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला समांतर असताना अचानक वळू नका. चाकं घासली की पडतो तो मागचाच.

जागा मिळाली नाही तर कडेला लटकत राहू नका. मागच्या चार-पाच जणांना हाक मारून लगेच दुसरा पंखा करा.

5 जुलै 2015 रोजी टूर द फ्रान्सचा उट्रेख्त ते नेल्ट्ये यान्स (झेलंडमधलं एक बेट) हा टप्पा इथेच संपला. वाऱ्या-पावसात घोळका फुटला आणि कोलंबियाच्या नैरो किंटानाचे 1 मिनिट 28 सेकंद गेले. पॅरिसला, शर्यतीच्या शेवटी, तो विजेत्या क्रिस फ्रूमपेक्षा 1 मिनिट 12 सेकंदांनी मागे होता.

त्यामुळे नकाशावर वळणं आधीच हेरा. बांधाच्या आडून रस्ता मोकळ्या धरणावर चढतो तिथे घोळका फुटतो. त्याच्या दोन किलोमीटर आधीच पहिल्या पंधरात या. ओस्टरस्खेल्डे खाडीवरचं नऊ किलोमीटरचं धरण साधारण उत्तर-दक्षिण आहे, म्हणजे पश्चिमेचा वारा तिथे थेट आडवा. वारा ओळखायला रस्त्याच्या रोखाने दिसणाऱ्या पवनचक्क्या पाहा. पात्यांचं पूर्ण वर्तुळ दिसलं तर वारा समोरून किंवा पाठून: खांब पात्यांच्या अलीकडे असेल तर समोरून, पाती अलीकडे असतील तर पाठून. वर्तुळ कडेने, रेघेसारखं दिसलं तर वारा आडवा.

प्रश्न : किनाऱ्याच्या रस्त्यावर 60 मिमी उंचीच्या रिम चालतील का? (अलिबाग)

उत्तर : मागे चालेल, पुढे नको. मागच्या चाकाला वाऱ्याचा धक्का बसला तर सायकल जराशी सरकते. पुढच्याला बसला की हँडलच वळतं, आणि हलक्या माणसाला ते सावरत नाही. पुढे 30-35 मिमी पुरे. झोताची भीती मोकळ्यात कमी. इमारत, ट्रक किंवा झाडांची रांग संपते तिथे जास्त. तिथे हात ड्रॉपवर (हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर) ठेवा, कोपरं सैल. हँडल आवळून धरलं की प्रत्येक झोत थेट चाकापर्यंत पोचतो.