महायुद्धातली स्मृती गेलेली गुप्तहेर नायिका मुंबईत पटेल का?

नक्की पटेल. तुमच्या कादंबरीतल्या नायिकेची स्मृती जाण्याचं कारण ओढूनताणून आणल्यासारखं वाटतंय म्हणता, तर ते मुंबईच्या इतिहासातच आहे. १४ एप्रिल १९४४, दुपारचे चार वाजून सहा मिनिटं. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं. पोटात दारूगोळा, कापसाच्या गासड्या, सोन्याच्या विटा! अर्ध्या तासात दुसरा स्फोट. एक वीट तर दूरच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. अशा गोंधळात ओळखपत्र नसलेली बाई इस्पितळात पोचली, तर तिला कोण ओळखणार?

मात्र तिला सगळंच विसरायला लावू नका. नाव, माणसं पुसली जातात; हाताला बसलेली सवय बहुधा टिकते. ती खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटाने टकटक करते, आणि शेजारच्या खाटेवरचा तारबाबू दचकतो, कारण ती मोर्स आहे, तारेची सांकेतिक लिपी. हा प्रसंग मला आत्ताच दिसतोय.

ब्रिटिशांची गुप्तहेर नूर इनायत खान १९४३ मध्ये फ्रान्सला गेली ती वायरलेस चालवायलाच. इकडे उषा मेहतांचा ब्रिटिशांविरुद्धचा छुपा काँग्रेस रेडिओ १९४२ मध्ये जागा बदलत मुंबईतूनच बोलत होता. तुमची नायिका यांतल्या कोणत्या बाजूची होती, हे तिलाच आठवू देऊ नका. कादंबरीचा खरा जीव तिथे आहे.