वाचक विचारतात : चीवराआधीची कागदपत्रे

परदेशी जाऊन प्रव्रज्या घेऊ, म्हणजे बौद्ध संन्यास घेऊन चीवर (भिक्खूचे वस्त्र) नेसू इच्छिणाऱ्या बडोद्यातील वाचकांची पत्रे गेल्या काही महिन्यांत बरीच साठली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. शुल्काचे आकडे निघण्यापूर्वी एकदा ताडून पाहा, ते बदलतात.

प्रश्न : माझे वय २६. गेल्या वर्षी दहा दिवसांचे श्रामणेर (प्राथमिक दीक्षा घेतलेल्याचे) शिबिर केले. आता थायलंडमध्ये दोन-तीन वर्षे भिक्खू म्हणून राहायची इच्छा आहे. भारतीयांना तिथे व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो असे ऐकले. तिकीट काढून सरळ जावे का? (एक वाचक, वाडी)

उत्तर : तिकीट सर्वांत शेवटी काढा. पहिले काम विहाराला पत्र लिहिण्याचे. व्हिसा देते सरकार, पण तो टिकतो विहाराच्या शब्दावर. दरवर्षी मुदतवाढ मागताना विहाराधिपतींचे पत्र आणि थायलंडच्या राष्ट्रीय बौद्ध कार्यालयाचे शिफारसपत्र जोडावे लागते. ही पत्रे मिळवून देण्याची सवय ज्या विहाराला आहे, तिथे परदेशी माणूस टिकतो. ज्याला नाही, तिथले भन्ते कितीही प्रेमळ असले तरी वर्षाच्या आत परतीची वेळ येते.

व्हिसाविना प्रवेश पर्यटकांसाठी असतो, आणि त्याचे दिवस तिथले सरकार कमी-जास्त करत असते. त्यावर जाऊन विहार पाहून यायला हरकत नाही. आत गेल्यावर त्याचे नॉन-इमिग्रंट (पर्यटनाखेरीज कारणासाठीच्या) व्हिसात रूपांतरही करता येते : टीएम ८७ हा अर्ज, २,००० बाट (थाई चलन) शुल्क आणि मुक्कामाचे किमान १५ दिवस शिल्लक. घोळ इथेच होतो. विहार महिनाभर माणूस पारखतो, मग हो म्हणतो. तोवर १२ दिवस उरलेले असतात आणि खिडकीवरचा अधिकारी अर्ज घेत नाही. म्हणून भारतातूनच धार्मिक कारणासाठीचा नॉन-इमिग्रंट ‘आर’ किंवा शिक्षणासाठीचा ‘ईडी’ व्हिसा घेऊन जावे. दोहोंपैकी कोणता, हे विहार सांगेल. स्वतः ठरवू नका.

१ जानेवारी २०२५ पासून हा अर्ज भारतातून ऑनलाइन होतो. गुजरातचा पत्ता असेल तर तो मुंबईच्या थाई दूतकार्यालयाकडे जातो. विहाराच्या पत्रात तुमचे नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर हवे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकत्र, आणि ई-मेलमध्ये आपण सही करतो ती फक्त नाव-आडनावाची. विहार ई-मेलमधले नाव उतरवून घेतो आणि पत्र परत करावे लागते. पहिल्याच पत्रासोबत पासपोर्टच्या पानाची प्रत पाठवली की हा फेरा टळतो.

हा व्हिसा एका प्रवेशाचा असतो आणि पोचल्यावर ९० दिवस मिळतात. उतरल्याचा दिवस धरून मोजायचे. १० जानेवारीला उतरलात तर मुदत ९ एप्रिलला संपते, १० एप्रिलला नव्हे. त्याआधी टीएम ७ हा अर्ज आणि १,९०० बाट देऊन मुदतवाढ मागायची.

मुदतवाढ आणि ९० दिवसांची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मुदतवाढ तेवढी नोंद म्हणून धरली जाते. पुढे वर्षभराचा शिक्का हातात असला तरी दर ९० दिवसांनी टीएम ४७ भरून ‘मी अजून याच पत्त्यावर आहे’ असे कळवावे लागते. तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत ते करता येते, उशीर झाला की २,००० बाट दंड. याशिवाय टीएम ३० ही नोंद विहाराने करायची असते, परदेशी माणूस मुक्कामाला आल्यापासून २४ तासांत. ती राहिली असेल तर मुदतवाढीच्या खिडकीवर तुमची फाइल अडते, चूक तुमची नसली तरी. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी विहारात नम्रपणे विचारून घ्या.

आता वर्षावास. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तीन महिने भिक्खूने एकाच ठिकाणी राहायचे असते. दिवसा कार्यालयात जाऊन पहाट उजाडण्यापूर्वी परत येता येते. रात्री बाहेर राहायला मात्र विनयातले (भिक्खूंच्या नियमांतले) ठरलेले कारण लागते, आणि तेही जास्तीत जास्त सात दिवस. इमिग्रेशनचे कार्यालय दूरच्या शहरात असेल आणि मुदत वर्षावासातच संपत असेल, तर सगळ्यांचीच पंचाईत होते. जाण्याची तारीख ठरवतानाच पंचांग आणि ९० दिवसांचा हिशेब शेजारी ठेवा.

आणखी एक. मुदतवाढ मिळाल्यावर घरी कोणी आजारी पडले म्हणून घाईने बडोद्याला आलात आणि निघण्यापूर्वी री-एन्ट्री परमिट (परत प्रवेशाचा परवाना) घेतले नाही, तर वर्षभराची मुदत त्याच क्षणी रद्द होते. एका वेळचे परमिट १,००० बाट, अनेक वेळांचे ३,८०० बाट. मुदत उलटून राहण्याचा दंड दिवसाला ५०० बाट, कमाल २०,०००. पण ९० दिवसांहून जास्त उशीर झाला तर दंड भरूनही पुढे प्रवेशबंदी लागते.

प्रश्न : मी प्रतापनगरला रेल्वेत नोकरीला आहे, घराचे कर्ज चालू आहे. मोठी रजा घेऊन उपसंपदा (भिक्खूची पूर्ण दीक्षा) घेता येईल का? आईची संमती नाही, ती लागतेच का? (एक वाचक)

उत्तर : व्हिसाच्या अर्जात कर्ज किंवा आईची संमती विचारत नाहीत. सीमेवर मात्र, म्हणजे उपसंपदेच्या सीमेत (दीक्षाविधीसाठी आखलेल्या जागेत), हे सगळे विचारले जाते. उमेदवाराला थोडे बाजूला नेऊन आधी पाच रोगांबद्दल विचारतात, मग ‘अनणोसि?’ म्हणजे ऋणमुक्त आहेस ना, ‘नसि राजभटो?’ म्हणजे राजाच्या चाकरीत नाहीस ना, ‘अनुञ्ञातोसि मातापितूहि?’ म्हणजे आई-वडिलांची परवानगी आहे ना, वीस वर्षे पूर्ण आहेत ना, पात्र-चीवर पूर्ण आहे ना. हेच प्रश्न पुन्हा संघासमोर होतात. रोगांच्या प्रश्नांना उत्तर द्यायचे ‘नत्थि भन्ते’ (नाही), बाकीच्यांना ‘आम भन्ते’ (होय). तिथे खोटे बोलून भिक्खुजीवनाला सुरुवात करू नये.

म्हणून कर्ज फेडा किंवा घर आणि हप्ते रीतसर दुसऱ्याच्या नावावर करा, आणि बँकेचे नो-ड्यूज पत्र घ्या. तुम्ही फक्त जामीनदार असाल तरी ते विहाराला सांगा. सरकारी नोकरांनी परदेशगमनाची लेखी परवानगी घ्यायची असतेच. त्या अर्जात कारण ‘पर्यटन’ न लिहिता खरे लिहा, म्हणजे तेच पत्र विहारालाही दाखवता येते. कायमचे जायचे असेल तर राजीनामा मंजूर झाल्यावरच निघावे. आई-वडील हयात असतील तर बहुतेक विहार त्यांची सहीची संमती मागतात. आई तयार नसेल तर श्रामणेर दीक्षेसाठीही थांबावे लागेल, कारण तिथेही पालकांची परवानगी लागते. काही महिने पांढऱ्या वस्त्रांत अनागारिक (दीक्षेआधी विहारात राहणारा उपासक) म्हणून राहायला बहुधा अडचण नसते, आणि तेवढ्यात घरचा विरोध निवळतो असे पुष्कळदा दिसते.

प्रश्न : मुलीला भिक्खुणी व्हायचे आहे. कुठला देश? (एक पालक, दांडिया बाजार)

उत्तर : थायलंडमध्ये नाही. तिथल्या संघाने १९२८ मध्ये स्त्रियांना दीक्षा देण्यास भिक्खूंना मनाई केली आणि ती आजही अधिकृत भूमिका आहे. अष्टशील घेऊन पांढऱ्या वस्त्रांत ‘मे ची’ म्हणून राहता येते, पण हे तिला आधीच माहीत असावे. तिथे गेल्यावर कळले तर फार मन खट्टू होते. श्रीलंकेत १९९८ पासून भिक्खुणी परंपरा पुन्हा उभी राहिली आहे. दशशील घेतलेल्या दससिल माता त्याआधीपासून आहेत. भिक्खुणी उपसंपदेपूर्वी दोन वर्षे शिक्षमाणा, म्हणजे प्रशिक्षणार्थी म्हणून काढायची असतात. तेव्हा व्हिसाचा विचार किमान तीन वर्षांचा करा.

प्रश्न : श्रीलंका की म्यानमार? (तीन वाचक)

उत्तर : श्रीलंकेसाठी पर्यटकाचा ३० दिवसांचा ईटीए (ऑनलाइन प्रवेशपरवाना) विहार पाहण्यापुरता. राहायला जाणाऱ्याने आधी एन्ट्री व्हिसा घेऊन जावे आणि तिथे त्याचे निवासी व्हिसात रूपांतर करावे. ते काम कोलंबोजवळच्या बट्टरमुल्ला येथील इमिग्रेशन कार्यालयात होते आणि त्याला बौद्ध व्यवहार विभागाची शिफारस लागते. पर्यटक म्हणून उतरून मग निवासी मागायला गेलेल्याला बहुधा बाहेर जाऊन परत यायला सांगतात. म्यानमारमध्ये ध्यानासाठी वेगळा व्हिसा आहे, केंद्राच्या पत्रावर मिळतो. पण फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावापासून तिथली परिस्थिती अशी आहे की आम्ही आज कोणालाही तिकडे पाठवणार नाही. सगाईंगचे विहार मार्च २०२५ च्या भूकंपातही फार खचले.

प्रश्न : मुंडन आणि नवे पाली नाव घेतल्यावर पासपोर्ट बदलावा लागतो का? (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : नाही, आणि बदलू नका. पासपोर्ट गृहस्थ नावाचाच राहतो. थायलंडमध्ये भिक्खूला ‘सुद्धि’ नावाची ओळखपुस्तिका मिळते, त्यात दोन्ही नावे असतात. अर्जावर पासपोर्टचेच नाव लिहायचे. थायलंडमध्ये भुवयाही काढतात, त्यामुळे जुन्या फोटोशी चेहरा जुळवायला अधिकारी क्षणभर थांबतो. पुस्तिका जवळ असली की काम भागते.

निघण्यापूर्वी मात्र पासपोर्ट नीट उघडून पाहा. ‘ईसीआर’ शिक्का (काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असे सांगणारा) असेल आणि दहावी उत्तीर्ण असाल तर तो काढून घ्या. थायलंड त्या यादीतला देश आहे. नियम नोकरीसाठी जाणाऱ्यांना आहे खरा, पण एकेरी तिकीट घेऊन निघालेल्या तरुणाला विमानतळावर त्यावरून थांबवतात. मुदत दीड-दोन वर्षांचीच उरली असेल तर नवा पासपोर्ट काढा, कारण मुदतवाढ पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपुढे मिळत नाही. काढताना ६० पानांचा घ्या. ३६ पानांच्या १,५०० रुपयांऐवजी २,००० रुपये पडतात, पण शिक्क्यांना जागा राहते.

भिक्खूला पैसे हाताळता येत नाहीत, शुल्क मात्र दरवर्षी भरावे लागते. ते कोण भरणार हे जाण्याआधी ठरवा. भावंडासोबत संयुक्त खाते, त्यात परतीच्या तिकिटाएवढी रक्कम, आणि मोबाइल नंबर घरच्यांकडे चालू ठेवलेला, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो. व्हिसाच्या अर्जात दिलेल्या ई-मेलचा पासवर्डही त्यांच्याकडे असू द्या. बऱ्याच अरण्यविहारांत फोन जमा करतात, आणि पुढच्या मुदतीची आठवण करून देणारा संदेश न वाचताच पडून राहतो.