सीट कव्हरच्या दुकानाला ‘बेंझ’ नाव दिलं तर?

वर्धमाननगरला गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान काढताय, नावात ‘बेंझ’ हवंय, आणि ‘आपण कुठे गाड्या विकतो, मग मर्सिडीज-बेंझ कंपनीची काय हरकत?’ असा तुमचा प्रश्न. नागपुरात ट्रेडमार्कचे अर्ज भरणं हेच माझं काम, म्हणून थेट सांगतो: हे नाव सोडा.

दिल्लीत एक अंडरवेअरवाला होता. डब्यावर ‘बेंझ’ लिहिलेलं, शेजारी गोलात पाय फाकवून, हात वर जोडून उभा माणूस. लांबून बघाल तर मर्सिडीजचा तीन टोकांचा ताराच. 1993 साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली. चड्डीचा नि गाडीचा संबंध नाही, तरी! आज 1999च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम 29(4) आहेच. नावाला देशात पत असेल तर दुसऱ्या मालावरही ते वापरू देत नाहीत. तुमचं तर त्याहून अवघड, कारण ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेले असतात, त्यात गाड्यांची सीट कव्हरं वर्ग 12 मध्ये येतात, आणि गाड्याही त्याच वर्गात.

एखादं अक्षर बदलूनही सुटका नाही. ‘डीएमडब्ल्यू’ नावाच्या ई-रिक्षांना 2020 मध्ये बीएमडब्ल्यूने कोर्टातून थांबवलं.

अर्थात मोठी कंपनी दर वेळी जिंकतेच असं नाही. आपल्या ‘प्रियस’ गाडीच्या नावावरून टोयोटा 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. दिल्लीच्या स्पेअर पार्टवाल्यांनी 2001 पासून ते नाव वापरलं होतं, आणि तेव्हा भारतात ते पुरेसं प्रसिद्ध होतं हे टोयोटाला सिद्ध करता आलं नाही. जगभर गाजलेलं नाव इथे गाजलेलं असेलच असं नाही. पण ‘बेंझ’बाबत हा मुद्दा कोण ऐकणार?

नावाची किंमत बघायची तर रोल्स-रॉइस बघा. 1998 मध्ये फोक्सवॅगनने 43 कोटी पाउंड मोजून गाड्यांचा कारखाना, बॉनेटवरच्या बाईच्या मूर्तीचे आणि समोरच्या जाळीचे हक्क घेतले. नाव मात्र विमानाची इंजिनं बनवणाऱ्या वेगळ्याच कंपनीकडे होतं. तिने ते 4 कोटी पाउंडात बीएमडब्ल्यूला वापरायला दिलं. 2003 पासून रोल्स-रॉइस बीएमडब्ल्यूच बनवते.

‘मर्सिडीजची सीट कव्हरं मिळतील’ असं साध्या अक्षरांत लिहायला हरकत नाही, कलम 30 त्याला वाव देतं. फक्त तारा काढू नका आणि आपण कंपनीचे अधिकृत आहोत असं भासवू नका. स्वतःचं नाव शोधा. वैयक्तिक ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे 4,500 रुपये लागतात, नोंदणी 10 वर्षं चालते. अर्ज मुंबईच्या कचेरीकडे जातो, पण तुम्हाला जावं लागत नाही. आणि हो, रेडियमवाल्याला बोर्डाचा ॲडव्हान्स देण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर ते नाव शोधून बघा, त्याला पैसे पडत नाहीत.