पावसाळ्यात बंद पडणारी डाळ मिल

"मोठी माणसं सगळं पणाला लावून मोठी झाली. मले दोन एकर विकाची भीती वाटते. म्हणजे धंदा माझ्या रक्तातच नाही काय?"

छोटा व्यवसाय करणारे अनेक जण हीच काळजी वेगवेगळ्या शब्दांत बोलून दाखवतात. हे शब्द अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडच्या एका भाऊंचे. ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

भाऊंची मिनी डाळ मिल आहे. गावकऱ्यांची तूर ते भरडून देतात. तुरीला तेल-पाणी लावून ती उन्हात वाळवावी लागते, म्हणून काम उन्हाळ्यापुरतं. मृग लागला की मिल बंद, बँकेचा हप्ता मात्र चालूच. त्यात भरडाई उधार: "कापूस निघाला का देतो." रात्र-रात्र जागून ते मोबाईलवर यशस्वी उद्योजकांचे व्हिडिओ पाहत. साळ्यानं डोक्यात घातलं होतं, जमीन विक, मोठी मशीन घे. शेवटी वहिनीच त्यांना माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आल्या.

मी आधी झोपेचं विचारलं, मग जीव द्यावासा वाटतो का, तेही सरळ विचारलं. आपल्या भागात हा प्रश्न टाळू नये. विचारल्यानं तसा विचार मनात येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. "तसं नाही ताई, पण कुठंतरी निघून जावंसं वाटते," ते म्हणाले. झोपेसाठी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं आणि जमिनीचा निर्णय झोप सुधारेपर्यंत घ्यायचा नाही, एवढं कबूल करून घेतलं.

पुढच्या भेटीत व्हिडिओंवर बोललो. त्यांत दिसते ती उडी. आधीची मंद वर्षं कुणी दाखवत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर विकायला दोन वर्षं लागली, कारण लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं. ती दोन वर्षं जवळून पाहणाऱ्याला तेही अपयशीच वाटले असते.

भाऊ खरे थांबले ते लिज्जतच्या गोष्टीवर. 1959 मध्ये मुंबईत गिरगावच्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड सुरू केले. पहिल्याच वर्षी पावसानं पापड वाळेनात, चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली.

"म्हणजे त्यायचंबी पावसानं बंद पडत होतं?" भाऊंनी दोनदा विचारलं. मला वाटतं, त्यांचं ओझं तिथं हललं. बंद पडणं हा त्यांच्या स्वभावाचा दोष नव्हता, ती हवामानाची अडचण होती आणि तिच्यावर तोडगा शोधता येत होता. मोठ्या उद्योजकांकडून छोट्यानं घ्यायचं ते हे: त्यांचं धाडस मोजत बसण्यापेक्षा अडल्यावर हाताशी असलेल्या वस्तूंतून त्यांनी काय जुळवलं ते बघावं.

खाट-स्टोव्ह तुरीला पुरणार नाही, ते उघड होतं. तोडगा वहिनींनी काढला. ज्याच्याकडे रोख नाही, त्याच्याकडून भरडाई डाळीतच घ्यायची. ती साठवायची, निवडायची आणि पावसाळ्यात किलो-किलोची पाकिटं करून आठवडी बाजारात विकायची. त्यानं उधारीही आटोक्यात येणार होती आणि रिकामे महिनेही भरणार होते. डाळ भरडताना उरणारी चुनी ते ढोरांसाठी विकायचे, तो पैसा आजवर घरखर्चात विरघळायचा. आता मिलची वही वेगळी आणि डबाही वेगळा. हे सोपं गेलं नाही. जवळच्या माणसाला "डाळ ठेवून जा" म्हणताना भाऊंची जीभ अडखळायची, ते वाक्य त्यांनी माझ्यासमोर बोलून बोलून बसवलं.

पहिल्या पावसाळ्यात सगळा हप्ता निघाला नाही, बराचसा निघाला. झोप सुधारली. जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. हप्ते हंगामाप्रमाणे बांधून मिळावेत म्हणून त्यांनी बँकेत लेखी अर्ज दिलाय, आणि या वेळी हप्ता थकण्याची वाट न पाहता, आधीच.